माती लंकेची, कुंभार कुठला? : श्रीलंकेतल्या वीजसाठवणीचा इतिहास



विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलंत, आता हे विजेचे डबे कुठून काढलेत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ओघात मिळेल अशी आशा आहे. सुरुवात मात्र न्यायदर्शनाने न करता एका माकडाने करतो.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळचे अकरा वाजून गेले होते. कोलंबोच्या दक्षिणेला पानदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या वीज उपकेंद्रात एक माकड शिरलं आणि रोहित्राला चिकटलं. बघता बघता सगळ्या श्रीलंकेची वीज गेली. एका गावाची किंवा जिल्ह्याची नव्हे, सव्वादोन कोटी वस्तीच्या अख्ख्या देशाची. वीज टप्प्याटप्प्याने परत आणेपर्यंत संध्याकाळ झाली. या धक्क्याने नोरोच्चोलईचं कोळशावरचं मोठं वीजकेंद्रही बंद पडलं होतं, त्यामुळे पुढेही दीड-दीड तासाची कपात करावी लागली. ऊर्जामंत्र्यांनी माकडाचं कारण सांगितलं आणि जगभर थट्टा झाली.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. शास्त्रात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. इथे कावळ्याच्या जागी माकड होतं, एवढंच. विचारायचा प्रश्न असा की फांदी आधीच इतकी कच्ची का झाली होती?

तिथल्या वीज मंडळाने जे स्पष्टीकरण दिलं ते लक्षात घेण्यासारखं आहे. रविवार असल्यामुळे कारखाने आणि कचेऱ्या बंद, म्हणजे मागणी कमी. ऊन कडक, म्हणजे छपरांवरच्या सौर पॅनेलची वीज भरपूर. साहजिकच पाण्यावर आणि कोळशावर फिरणारी अवजड यंत्रं त्या वेळी कमी चालू होती. याने काय बिघडतं, ते जात्यावरून समजून घ्या. तुमच्यातल्या वयस्कर मंडळींनी जातं ओढलं असेल. वरची तळी जड असते, म्हणून हात क्षणभर ढिला पडला तरी जातं फिरत राहतं. वीजकेंद्रातली जनित्रं अशीच जड जाती असतात. कुठे धक्का बसला तरी ती आपल्या वजनाच्या जोरावर फिरत राहतात आणि सेकंदाला ५० हेलकाव्यांची विजेची लय मोडू देत नाहीत. सौर पॅनेलला असं जातं नाही. ऊन पडलं की वीज, पण फिरणारं वजन काहीच नाही. धक्का बसला की लय तुटते, आणि लय तुटली की एकेक केंद्र स्वतःला वाचवायला जाळ्यातून बाहेर पडतं. मग सगळंच कोसळतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुट्टीत, वीज मंडळाने छपरांवर सौर पॅनेल असलेल्या लोकांना विनंती केली की दिवसा तुमचे पॅनेल बंद ठेवा. म्हणजे बघा, ज्या देशाने तीन वर्षांपूर्वी इंधनाला पैसे नाहीत म्हणून अंधार सोसला, त्याच देशाला फुकटचं ऊन नको म्हणायची वेळ आली. ऊन होतं, पॅनेल होते. नव्हती ती साठवण.

साठवण म्हटलं की आपल्याला बॅटरी आठवते. पण जाळ्याला धक्का बसतो तेव्हा पहिल्या काही सेकंदांत लागते ती थोडीशीच वीज, मात्र ती एकदम आणि ताबडतोब लागते. या कामाला फार योग्य असं एक साधन आहे, सुपरकपॅसिटर. आणि जगातल्या बहुतेक सुपरकपॅसिटरच्या पोटात जो कोळसा असतो, त्याचा एक प्रमुख कच्चा माल कोणता? नारळाची करवंटी. ती करवंटी जाळून, तिचा उत्तम कोळसा करून जगाला विकणाऱ्या देशांत श्रीलंका अगदी पुढे आहे.

आता माझा विषय तुमच्या लक्षात आला असेल. ज्याच्या अंगणात माती आहे, त्याच्या घरात मडकं का नाही?

न्यायदर्शनात मडक्याचं उदाहरण ठरलेलं आहे. कोणत्याही कार्याला तीन प्रकारची कारणं लागतात. पहिलं समवायी कारण. मडकं ज्यापासून बनतं ते द्रव्य, म्हणजे त्याचे दोन अर्धे भाग, ज्यांना कपाल म्हणतात. दुसरं असमवायी कारण, त्या कपालांचा संयोग, म्हणजे द्रव्याची जुळणी. तिसरं निमित्त कारण, कुंभार, त्याचं चाक, त्याचा दंड. विद्यार्थी पहिलं आणि तिसरं पटकन पाठ करतात. दुसऱ्यापाशी अडखळतात, कारण जुळणी डोळ्यांना वेगळी दिसत नाही. आजच्या गोष्टीत मात्र त्या दुसऱ्या कारणाकडेच लक्ष ठेवा.

श्रीलंकेला साठवण नवीन नाही. किंबहुना या बेटाचा प्राचीन इतिहास हा साठवणीचाच इतिहास आहे. बेटाच्या उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या कोरड्या भागात पाऊस वर्षातले थोडे महिने पडतो. तिथे अनुराधपूर आणि पोलोन्नरुवाची राज्यं उभी राहिली ती तलावांच्या जिवावर. सिंहलीत तलावाला 'वेव' म्हणतात. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव बांधला आणि तिथून अनुराधपुराकडे ८७ किलोमीटरचा कालवा नेला. या कालव्याच्या पहिल्या सुमारे १७ मैलांत उतार मैलाला जेमतेम ६ इंच आहे. दुर्बिणी नव्हत्या, आजची मोजणीची यंत्रं नव्हती, आणि तरी मैलाला ६ इंच!

याच धातुसेनाची एक कथा तिथल्या बखरीत आहे. त्याचा मुलगा कश्यप याने त्याला कैद केलं आणि दडवलेला खजिना कुठे आहे ते विचारलं. राजा म्हणाला, मला कलावेवला घेऊन चला. तिथे तो पाण्यात उतरला, स्नान केलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि सांगितलं की माझा खजिना तो हाच. मुलाला ते पटलं नाही, त्याने बापाला ठार करवलं. कथा किती खरी हा प्रश्न बाजूला ठेवू. साठवण हीच संपत्ती, ही समज त्या समाजात किती खोल होती ते तिच्यातून दिसतं.

पण त्याहून मोठी गोष्ट तलावात नव्हे, तलावाच्या बांधात दडलेली आहे. मोठा तलाव बांधणं एक वेळ सोपं. अवघड काय, तर त्यातलं पाणी सोडणं. खोल पाण्याचा दाब इतका असतो की मोरी उघडली की पाणी बांधच घेऊन जायचं. यावर त्या लोकांनी बांधाच्या आत, पाण्याच्या बाजूला, दगडांनी बांधलेली चौकोनी विहीर काढली. तिला बिसोकोटुव म्हणतात. तलावाचं पाणी आधी या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते मापात बाहेर पडतं. इसवी सनाच्या आगेमागेच ही रचना तिथे रूढ होती. एकोणिसाव्या शतकात हेन्री पार्कर या ब्रिटिश सिंचन अभियंत्याने ती बारकाईने पाहिली आणि आजच्या झडप-विहिरींची ही पूर्वज आहे असं मानलं.

साठवणीला दोन अंगं असतात, हे त्यावरून लक्षात घ्यायचं. एक, किती साठलं. दुसरं, किती वेगाने घेता-देता येतं. तलाव हे पहिलं, बिसोकोटुव हे दुसरं. आजच्या भाषेत बॅटरी म्हणजे तलाव. सुपरकपॅसिटरचं काम त्या विहिरीच्या जातीचं आहे. त्यात फार मावत नाही, पण आलेला जोर अंगावर घेण्याची ताकद त्यात आहे. आणि दोन हजार वर्षांपूर्वी दोन्ही त्या बेटावर तिथल्याच लोकांनी केलं होतं. माती तिथली, जुळणी तिथली, कुंभार तिथलाच.

मग बिघडलं कुठे? इथे आपण एकोणिसाव्या शतकात येऊ, आणि कार्बनची गोष्ट सुरू करू.

श्रीलंकेच्या पोटात ग्राफाइट आहे, आणि ते साधंसुधं नाही. खडकाच्या भेगांत शिरांसारखं सापडणारं, खाणीतून निघतानाच ९५ ते ९९ टक्के शुद्ध. अशा शिरांच्या ग्राफाइटची व्यापारी खाण जगात जवळपास याच एका बेटावर होते. कुरुनेगल जिल्ह्यातली कहटगह आणि केगल्ल जिल्ह्यातली बोगल या त्यातल्या प्रसिद्ध खाणी. इंग्रजी अमलात हे ग्राफाइट मुशींसाठी जायचं. पोलाद आणि पितळ वितळवायला ज्या मुशी लागतात त्या ग्राफाइटच्या असत. लंडनमध्ये बॅटरसीला मॉर्गन कंपनी आणि अमेरिकेत जर्सी सिटीला डिक्सन कंपनी अशा मुशी करत. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांसाठी धातू ओतायला मुशींची मागणी वाढली. १९१६ साली या छोट्या बेटाने सुमारे ३३ हजार टन ग्राफाइट बाहेर पाठवलं. ती शिखराची वेळ. युद्ध संपलं, मागणी कोसळली, मादागास्करचं स्वस्त ग्राफाइट बाजारात आलं आणि एकामागून एक खाणी बंद पडल्या. काही सिंहली घराणी मात्र तोवर श्रीमंत झाली होती. स्वतंत्र सिलोनचे पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या वडिलांची संपत्ती ग्राफाइटच्या धंद्यातली.

पैसा आला, हे नाकारायचं कारण नाही. पण मुशी करण्याची विद्या बॅटरसीला राहिली. खाणीतला मजूर अंधारात शिडीने खाली-वर करत राहिला आणि त्याच्या हातातलं द्रव्य कशाला लागतं हे ठरवणारा माणूस समुद्रापलीकडे बसला. म्हणून त्या माणसाची गरज संपली त्या दिवशी खाणीही संपल्या.

आता करवंटी. कोकणातल्या मंडळींना करवंटीचं काय सांगायचं! बंबात करवंट्या घातल्या की पाणी कसं कढत होतं ते तुम्हाला माहीत आहे. तो निखारा टिकतो, कारण करवंटी घट्ट असते. आणि त्या घट्टपणातच दुसरी एक गंमत आहे. करवंटी कमी हवेत जाळली, तिचा कोळसा केला, आणि तो कोळसा सुमारे ९०० अंश तापवून त्यावरून वाफ सोडली, तर वाफ त्या कोळशाला आतून कुरतडते. त्यात असंख्य छिद्रं पडतात, इतकी बारीक की एकेका छिद्रात काही मोजके रेणूच बसावेत. याला सक्रिय कोळसा म्हणतात. वाफेने आणि क्षारांनी कोळसा सक्रिय करण्याचे पेटंट राफाएल फॉन ऑस्त्रेइको या संशोधकाने १९०० च्या सुमारास घेतले.

एक छोटं गणित करू. एका करवंटीतून शेवटी साधारण १५ ग्रॅम सक्रिय कोळसा मिळतो असं धरा. एका ग्रॅमच्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर १५०० चौरस मीटर भरतात. म्हणजे एका करवंटीत साडेपाच एकर! ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याच्याही चुलीपाशी साडेपाच एकर पडलेली असते. आणि बघा, ग्राफाइटही कार्बन, करवंटीचा कोळसाही कार्बन. द्रव्य एकच. फरक जुळणीचा. एकात थरावर थर, दुसऱ्यात छिद्रांचं जाळं. म्हणून म्हटलं होतं, दुसऱ्या कारणावर लक्ष ठेवा.

या कोळशाची जगाला पहिली मोठी गरज पडली ती विषारी वायूमुळे. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. मग मुखवट्यांत वायू शोषणारा कोळसा घालायची धडपड सुरू झाली. करवंटीचा कोळसा त्यात सर्वांत सरस ठरला. करवंट्या पुरेनात म्हणून १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफलं जमा करून देण्याचं आवाहन केलं गेलं. पुढे हाच कोळसा पाणी शुद्ध करायला, साखर गोरी करायला, खाणीतल्या द्रावातून सोनं पकडायला वापरला जाऊ लागला.

श्रीलंकेत कुरुनेगल, पुत्तलम आणि गंपहा या भागाला नारळाचा त्रिकोण म्हणतात. देशात वर्षाला अडीचशे ते तीनशे कोटी नारळ होतात. पण करवंट्या जाळून नुसता कोळसा करणं आणि तो विकणं, हाच तिथला पूर्वापार धंदा. जमिनीत खड्डा, त्यात करवंट्या, वरून झाकण, आणि धूर सगळ्या गावाला. एक टन कोळशाला अंदाजे २० हजार करवंट्या लागतात. त्या धुरात डोळे चोळत उभं राहणाऱ्या माणसाला त्या टनाचे जे पैसे मिळत, त्याच्या कितीतरी पट किंमत तो कोळसा परदेशात सक्रिय झाला की होत असे.

१९७३ मध्ये इथे एक वळण आलं. हेलीज या जुन्या सिलोनी व्यापारी समूहाने हेकार्ब नावाची कंपनी काढली आणि कोळसा सक्रिय करण्याचं काम बेटावरच सुरू केलं. आज करवंटीचा सक्रिय कोळसा करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते. बदलगम इथे तर कोळसा करताना उठणारी उष्णता वाया न घालवता तिच्यावर वीज केली जाते. म्हणजे जुळणीतली एक पायरी, वाफेने छिद्रं पाडण्याची, श्रीलंकेने आपल्या हातात घेतली. ही लहान गोष्ट नाही. ग्राफाइटच्या बाबतीत हेच कधी झालं नव्हतं.

नेमक्या याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी एक गोष्ट चालली होती. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच मांडलं होतं की वाहक पदार्थ मिठाच्या द्रावाला टेकला की दोघांच्या सीमेवर विजेच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एक इकडे, एक तिकडे. मधलं अंतर केसाच्या जाडीच्या लाखाव्या भागाइतकं. आता अशी सीमा जितकी लांबरुंद, तितकी जास्त वीज तिथे थोपवून धरता येणार. आणि साडेपाच एकरांची सीमा मुठीत मावते कशात, तर छिद्राळ कोळशात. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकरला छिद्राळ कार्बनच्या कपॅसिटरचं पेटंट मिळालं. त्यात त्याने कबूल केलं की आत नेमकं काय घडतं ते ठाऊक नाही, पण धारकता मात्र प्रचंड मिळते. तत्त्वज्ञानाच्या माणसाला असा प्रामाणिकपणा फार आवडतो! पुढे १९६६ मध्ये ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या संशोधकांनी ते अधिक नीट बसवलं, पण कंपनीला त्याचा धंदा करता आला नाही. परवाना गेला जपानच्या एनईसी कंपनीकडे, आणि १९७८ मध्ये संगणकाची स्मृती वीज गेल्यावर जपण्यासाठी 'सुपरकपॅसिटर' या नावाने तो बाजारात आला.

तारखा जुळवून पाहा. सत्तरच्या दशकात श्रीलंका करवंटीच्या कोळशाला छिद्रं पाडायला शिकली, आणि त्याच दशकात जपान त्या छिद्रांत वीज ठेवायला शिकला. जपानात नारळाची बागाईत नाही. पण कुरारे या जपानी कंपनीचा करवंटीपासून केलेला कोळसा आज सुपरकपॅसिटरच्या जगात नमुना म्हणून धरला जातो.

या डब्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी विक्रेता ठरेन. अर्धा किलो वजनाचा, ३००० फॅरडचा, २.७ व्होल्टचा एक सुपरकपॅसिटर घ्या. त्यात जवळपास ३ वॉट-तास ऊर्जा मावते. ९ वॉटचा दिवा त्यावर २० मिनिटं चालेल, बस्स. तेवढ्या वजनाची लिथियम बॅटरी तोच दिवा बारा-पंधरा तास चालवू शकेल. शिवाय भरून ठेवलेला सुपरकपॅसिटर आपोआप हळूहळू रिकामा होतो. म्हणजे दुपारचं ऊन रात्री वापरायला तो उपयोगाचा नाही. पण तो काही सेकंदांत भरतो, काही सेकंदांत सगळं देतो, आणि त्यात रासायनिक मोडतोड होत नसल्यामुळे पाच-दहा लाख वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो. स्पेनच्या अखत्यारीतल्या ला पाल्मा बेटावर गेल्या दशकात ४ मेगावॉटचा असा संच बसवला. त्यात साठवलेली एकूण ऊर्जा किती? साडेपाच-सहा युनिटं, एखाद्या घराच्या दिवसभराच्या वापराइतकी. पण ती पाच सेकंदांत देता येते, आणि एखादं जनित्र अचानक बंद पडलं तर तेवढे पाच सेकंदच बेट सावरतात. पानदुराचा अंधार एकट्या सुपरकपॅसिटरने टळला असता असं मी म्हणणार नाही. मोठ्या बॅटऱ्या, संरक्षणाच्या चांगल्या यंत्रणा, पाणी परत वर चढवणारी धरणं, सगळंच लागतं. महाओया इथे अशा ६०० मेगावॉटच्या प्रकल्पाचा बेत तिथे आहे. पण बिसोकोटुवशिवाय तलाव धोक्याचा, हे त्या बेटाने आपल्याला शिकवलं आहे.

मग हा डबा तिथे का होऊ नये? इथे आणखी एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे, डी. जे. विमलसुरेंद्र. सिलोनचा हा अभियंता. १९१८ मध्ये त्याने तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला आणि दाखवलं की मध्यभागच्या डोंगरातून, लक्षपानच्या बाजूच्या धबधब्यांतून, देशाला पुरेल इतकी वीज निघू शकते. वसाहतीच्या सरकारने शंका काढल्या. काम सुरू झालं, पैशाअभावी थांबलं. विमलसुरेंद्र नोकरीतून बाहेर पडून १९३१ मध्ये कायदेमंडळात गेला आणि तिथे भांडला. लक्षपानची वीज सुरू झाली १९५० मध्ये. म्हणजे कल्पना आणि दिवा यांच्यात ३२ वर्षं गेली. त्या वर्षांत धबधबे आटले नव्हते. द्रव्य होतं, कुंभारही होता, पण चाक दुसऱ्याच्या हातात होतं.

पुढे महावेली नदीवर धरणं झाली, व्हिक्टोरिया धरण १९८५ मध्ये पुरं झालं, आणि नव्वदीच्या मध्याला दहातली नऊ युनिटं पाण्याची होती. १९९६ मध्ये पाऊस रुसला आणि तासन्‌तास वीज जाऊ लागली. मग तेल आणि कोळसा आला, दोन्ही परदेशी चलनात. २०२२ मध्ये ते चलनच संपलं. मार्चच्या शेवटी दिवसाला १३ तास वीज नव्हती. कागद आयात करता येईना म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे गेल्या. एप्रिलमध्ये देशाने परकीय कर्ज फेडता येत नाही असं जाहीर केलं, जुलैत राष्ट्राध्यक्ष पळून गेले. त्या दिवसांतही करवंटीचा कोळसा बंदरातून बाहेर जातच होता. जायलाच हवा होता, तेवढेच डॉलर.

सुपरकपॅसिटर करायला काय लागतं? कोळसा अतिशुद्ध लागतो. करवंटीत पोटॅशियम असतं, लोहाचे अंश असतात, ते आम्लाने धुऊन काढावे लागतात. मग तो मैद्यासारखा दळून, चिकटवणारा पदार्थ मिसळून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर थापायचा, मध्ये कागद घालून गुंडाळायचा, निर्वातात वाळवायचा आणि विशिष्ट क्षाराचा द्राव भरून बंद करायचा. दमटपणा हा याचा शत्रू. आत पाण्याचा अंश राहिला तर डबा फुगतो. समुद्राने वेढलेल्या देशात कोरडी खोली राखायची म्हणजे अखंड वीज हवी. वीज सावरणारं साधन करायलाच आधी सावरलेली वीज लागते, असा हा अन्योन्याश्रय आहे. भांडवल हवं, गिऱ्हाईक हवं. अडचणी खऱ्या आहेत, त्यांना केवळ आळस म्हणणं अन्यायाचं होईल.

पण अशक्य नाही, याची दोन उदाहरणं. एस्टोनिया हा तेरा-चौदा लाख वस्तीचा देश, तिथे नारळाचं झाड उगवत नाही. तिथल्या काही संशोधकांनी २००९ मध्ये स्केलेटन नावाची कंपनी काढली, करवंटी टाळून सिलिकॉन कार्बाइडपासून वेगळ्या रचनेचा कार्बन तयार केला, आणि जर्मनीत ड्रेस्डेनजवळ कारखाना उभारला. द्रव्य नव्हतं, जुळणीचं ज्ञान होतं. दुसरं उदाहरण लंकेच्या शेजारचं. केरळात कण्णूरला केल्ट्रॉन या राज्य सरकारच्या कंपनीने इस्रोच्या तंत्रज्ञानावर सुपरकपॅसिटरचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केला. तीच दमट हवा, तोच नारळ. फरक एवढाच की शेजारच्याच तिरुवनंतपुरममध्ये अवकाश संशोधनासाठी कित्येक वर्षं जोपासलेली विद्या होती आणि ती उतरवून घेणारा सरकारी कारखाना होता. श्रीलंकेतही होमागमला २००८ पासून नॅनोतंत्रज्ञानाची संस्था आहे, आपल्याच ग्राफाइटपासून ग्राफीन करण्याचं काम तिथे झालं आहे. म्हणजे प्रयोगशाळा आहे, कोळसा आहे. त्यांच्यामधली गुंडाळण्याची, वाळवण्याची, भरण्याची कारागिरी बसवायची आहे.

व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी चिठ्ठीवर विचारलं आहे: "मग श्रीलंकेने करवंटीचा कोळसा विकूच नये, असं तुमचं म्हणणं आहे का?"

नाही, बाई. विकावा. उपाशी माणसाला धोरण सांगू नये. माझं म्हणणं इतकंच की विकताना काय विकतो आहोत ते ओळखावं. ग्राफाइटच्या काळी त्यांनी द्रव्य विकलं आणि जुळणीची किंमत दुसऱ्याने घेतली. १९७३ नंतर त्यांनी एक जुळणी शिकून घेतली, आणि तेवढ्यापुरती स्थिती बदलली. पुढची पायरी हीच आहे, आणि ती एकदम डब्यापर्यंत जायला हवी असंही नाही. आधी धुतलेला अतिशुद्ध कोळसा, मग कोळसा थापलेले पत्रे, मग बाहेरचे डबे आणून त्यांचे संच जोडणं आणि स्वतःच्या जाळ्यावर चालवून पाहणं. प्रत्येक पायरीला थोडी माणसं शिकतील, आणि शिकलेली माणसं जहाजात भरून नेता येत नाहीत. अर्थात ती विमानाने जातात, आणि २०२२ नंतर पुष्कळ गेली. म्हणून हे लवकर करायला हवं.

माझ्या विद्यार्थ्याला आता उत्तर मिळालं असेल. मडकं पाहताना आपण माती बघतो, फार तर कुंभार बघतो. जुळणी शिकावी लागते, आणि ती ज्याला येते त्याच्याच घरी पाणी टिकतं. आपल्या किनाऱ्यावरही करवंट्या पुष्कळ पडलेल्या असतात, तेव्हा हे लंकेचं म्हणून सोडून देऊ नका.